मदतीची वही आणि भरपाईची वही: एका गावातल्या वणव्याचं प्रकरण

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात वणवा आला. त्या आठवड्यात आणि पुढच्या दोन काजूच्या हंगामांत गावाने काय ठरवलं आणि काय ठरवता आलं नाही, ते इथे मांडतो आहे. गावाचं नाव दिलेलं नाही, माणसांची नावंही नाहीत, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. मदतीचा हिशोब युवक मंडळाच्या वतीने माझ्याकडे होता. त्यामुळे यातले बरेच निर्णय माझ्या हातचे आहेत, चुकलेलेसुद्धा.

पार्श्वभूमी

गाव शंभराच्या आतल्या उंबऱ्यांचं. एका अंगाला भाताची शेतं, दुसऱ्या अंगाला माळ. माळाच्या वर काजूच्या बागा आणि बागांना लागून राखीव जंगल, जे पुढे भीमगडच्या बाजूला पसरत जातं. पावसाळ्यात इथे गवत कमरेइतकं वाढतं आणि माघात तेच कडकडीत वाळतं. तरणी पोरं गोव्यात, पुण्यात नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेत कामाला. गावात राहतात ती म्हातारी माणसं, बायका, शाळेतली मुलं आणि जनावरं.

भाताची मळणी झाली की पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, रचून गंज्या घालतात. सगळ्यांची खळी गावाबाहेर एकाच ठिकाणी असल्यामुळे गंज्याही एकमेकींना खेटून उभ्या राहतात. नवं गवत उगवेपर्यंत जनावरांची सारी बेगमी त्या गंजीत असते. शहरातल्या माणसाला "गवत जळालं" म्हटलं की फार मोठं नुकसान वाटत नाही. इथे गंजी जळाली तर म्हैस विकायची वेळ येते, आणि म्हैस गेली की डेअरीच्या दुधावर चालणारा आठवड्याचा बाजार बंद होतो.

आग हे आमच्याकडे कोयत्यासारखंच शेतीचं एक हत्यार आहे. तरव्याची, म्हणजे भाताची रोपं वाढवायची, जागा पाला-शेण घालून भाजतात. काजूची बी गळायला लागण्याआधी झाडाखालचा पाला आणि गवत साफ करावं लागतं, नाहीतर बी वेचता येत नाही. हाताखाली माणूस असेल तो कापतो, नसेल तो पेटवतो. सह्याद्रीच्या या भागात फाल्गुनात वणवा लागतो तो बहुतेक वेळा माणसाच्याच हातून, आणि त्यातही मुद्दाम लावलेल्यापेक्षा हातातून सुटलेली आग जास्त. त्या आठवड्यात मीही माझ्या बांधावरचं गवत जाळलं होतं. वारा पडलेला होता म्हणून ते बांधावरच राहिलं.

पूर्वी माघात गावकी व्हायची. घरटी एक माणूस, दोन दिवस काम. खळ्यांभोवती आणि जंगलाच्या कडेने गवत कापून जाळरेषा काढायची, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा पट्टा ठेवायचा. आठ-दहा वर्षांत ती बंद पडली. कुणी ठरवून बंद केली नाही. एका वर्षी माणसं कमी आली, पुढच्या वर्षी त्याहून कमी आली, आणि नंतर कुणी हाकच घातली नाही.

त्या दुपारी

ज्यांच्या बागेतून आग निघाली त्यांना सगळं गाव काका म्हणतं. सत्तरीच्या पुढचे, पायाने अधू. मुलगा गोव्यात. सकाळी त्यांनी पाल्याचे ढीग जाळले, वर माती टाकली, घागरभर पाणी ओतलं आणि ते जेवायला घरी गेले. दुपारी वारा सुटला. आग एका तोंडाने वर जंगलात गेली आणि दुसऱ्या तोंडाने माळावरून खळ्यांकडे आली.

बायका ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत होत्या. बंब आला, पण खळ्याकडे जाणारी शेवटची वाट बैलगाडीची, त्यामुळे तो अलीकडेच अडकला. तिथून पुढे कळश्या आणि बादल्या. गंजी वरून विझलेली दिसली तरी आतून धुमसत राहते, म्हणून दोन रात्री माणसं राखणीला बसली. तेरा घरांच्या एकोणीस गंज्या गेल्या, दोन गोठे गेले, चार जणांची काजूची झाडं होरपळली. एक गोठा एका मावशींचा होता. त्यांची जनावरं चरायला गेलेली असल्यामुळे वाचली. दुसरा काकांचाच. त्यात त्यांची गाभण म्हैस बांधलेली होती.

अडचण

त्याच रात्री गोव्यातल्या एका पोराने व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन पाठवलं: "अज्ञाताने लावलेल्या वणव्यात गवतगंज्या जळालेल्या शेतकऱ्यांना मदत करा." खाली त्याचा स्वतःचा नंबर. पोराची तळमळ खरी होती, आणि त्या एका संदेशाने जे काम केलं ते पंच मंडळींना महिनाभरात जमलं नसतं. तिसऱ्या दिवसापर्यंत लाखाच्या वर रक्कम आली. पण त्या संदेशात तीन गोष्टी अशा होत्या ज्या पुढे आम्हाला जड गेल्या. पैसा एकाच्या खात्यात येत होता. तो फक्त जळालेल्या गंज्यांसाठी मागितला होता. आणि "अज्ञात" हा शब्द लिहिताना आग कुणाच्या हातून लागली हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यातच जुने कपडे, चादरी, तांदूळ येऊ लागले. २०१९ च्या पुरात नदीकाठच्या गावांमध्ये घरं बुडाली होती, तेव्हा माणसांनी जे दिलं तेच त्यांनी आताही सवयीने दिलं. आमच्याकडे एकही राहतं घर जळालं नव्हतं. आम्हाला पिंजर हवं होतं. ते मागावं हे पहिले चार दिवस कुणालाच सुचलं नाही.

पाचव्या दिवशी पुण्याहून एका देणगीदाराचा मला फोन आला. "आग कुणी लावली ते कळलं काय?" मी म्हणालो, "चौकशी चालू आहे." हे उत्तर खोटं होतं. या सगळ्या प्रकरणातलं माझं सर्वांत वाईट वाक्य तेच, असं मी आजही मानतो. त्या माणसाने पाच हजार रुपये विश्वासाने दिले होते.

कोणते पर्याय होते

देवळात बैठक बसली ती सातव्या दिवशी. पहिला तट म्हणत होता की काकांचं नाव कुठेच येऊ द्यायचं नाही. म्हातारा माणूस, त्याचीच म्हैस गेली, आणखी किती मारायचं? पंचनाम्यात कारण "अज्ञात" लिहून घ्यायचं आणि आलेली मदत तेरा घरांत सारखी वाटायची. दुसरा तट म्हणत होता की सगळं नुकसान काकांकडून भरून घ्यायचं, बाग गहाण पडली तरी चालेल, आणि मदतीतला रुपयाही त्यांना द्यायचा नाही. या तटात ज्यांच्या दोन-दोन गंज्या गेल्या ते होते, आणि त्यांचा राग खोटा नव्हता.

तिसरा पर्याय काकांच्या मुलाने मांडला: "वनखात्याचा जो दंड होईल तो वर्गणीतून भरू. गावाचाच माणूस आहे." ऐकायला हे माणुसकीचं वाटत होतं, आणि बरेच जण मान डोलावत होते.

तिथे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच वहीत लिहीत होतो. परक्या माणसाने जनावरांच्या चाऱ्यासाठी दिलेला पैसा ही मदत. ज्याच्या हातून नुकसान झालं त्याने ते भरून देणं ही भरपाई. दंड मदतीतून भरला तर देणाऱ्याला न विचारता त्याच्या पैशाने आम्ही दुसऱ्याची चूक झाकणार. आणि काकांच्या उरलेल्या दोन जनावरांना चारा दिला नाही, तर मदत हातात धरून आम्ही शिक्षा करणार, तीही मुक्या जनावरांना.

हा फरक कळायला मोठं शहाणपण लागत नाही, पण आग लागल्यावर तो हमखास विसरतो, अगदी मोठ्या प्रमाणावर सुद्धा. कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ च्या आगीत जवळजवळ पुसलं गेलं. ८५ माणसं गेली. मदत जगभरातून आली. तरीही आग वीजवाहिनीमुळे लागली हे शोधलं गेलं, आणि २०२० मध्ये त्या वीज कंपनीने ८४ मृत्यूंबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला. तिच्या वाहिन्यांमुळे लागलेल्या त्या आणि इतर वणव्यांतल्या पीडितांच्या भरपाईसाठी वेगळा निधी उभा राहिला. लोकांच्या देणग्यांनी कंपनीचं देणं फिटलं असं कुणी म्हटलं नाही. आमची आग त्यापुढे काहीच नव्हती, तरी प्रश्न तोच होता.

काय केलं

बैठकीत बराच वेळ काका मागे खांबाला टेकून बसले होते. तट पडून आवाज चढले तेव्हा ते उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "आग मी लावली. विझली असं वाटलं. विझली नव्हती. माझ्यासाठी कुणी खोटं लिहू नका." नंतर खाली बसले. कुणी काही बोललं नाही. मग सर्वांत जास्त रागावलेल्या आप्पांनीच विचारलं, "काका, घरात चारा हाय काय?"

त्यानंतर निर्णय भराभर झाले. पोराच्या खात्यातली रक्कम मंडळाच्या दोन सह्यांच्या खात्यात वळवली आणि पै-पैचा हिशोब देवळाच्या फळ्यावर लावला. वाटप गंज्यांच्या संख्येवर न करता दावणीला किती जनावरं आहेत त्यावर करायचं ठरलं. गंजी मोठी असली तरी जनावर पोटापुरतंच खातं. काकांच्या जनावरांचा वाटा इतरांइतकाच. आजूबाजूच्या गावांतून पिंजर विकत घेतलं, काहींनी गाडीभर फुकटही दिलं. उसाच्या पट्ट्यातून ट्रॉलीभर वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आलं. तिथल्या एका पशुवैद्यांनी बजावून सांगितलं की नुसतं वाडं घालू नका, त्यातल्या ऑक्झालेटमुळे जनावराच्या अंगातलं कॅल्शियम कमी होतं. वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडा आणि पिंजर मिसळून द्या. ही माहिती चाऱ्याबरोबर प्रत्येक घरात गेली.

पंचनाम्यावर खरं कारण लिहिलं गेलं. कागद कन्नडमध्ये होता. पंच म्हणून सही करणाऱ्यांपैकी दोघांना कन्नड वाचता येत नव्हतं, म्हणून सहीआधी तो ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवण्याची विनंती केली, आणि ती मान्य झाली. एरवी आपण "कर सही" म्हणून सोडून देतो. इथे एका शब्दाने माणूस वाचत किंवा अडकत होता, तेव्हा ते दहा मिनिटांचं वाचन आवश्यक होतं.

दोन वडीलधाऱ्यांना घेऊन काका वनखात्यात स्वतः गेले. राखीव जंगलात आग जाऊ देणं हा कर्नाटकाच्या १९६३ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. दंड झाला आणि तो त्यांनी स्वतः भरला.

भरपाईचं गणित अवघड होतं. गंज्यांचे पैसे काकांकडून घ्यायचे नाहीत असं बहुमताने ठरलं. कारण साधं होतं. जाळरेषा असती तर आग माळावरच अडली असती, आणि गंज्या अंतर ठेवून घातल्या असत्या तर एकोणीस गेल्या नसत्या. तो वाटा सगळ्या गावाचा होता. पण मावशींचा गोठा हा थेट काकांच्या आगीचा बळी. त्याचे पत्रे आणि वासे ३१,००० रुपयांचे झाले. ते काकांनी दोन काजू हंगामांत फेडायचे ठरले. मावशी तोवर थांबू शकत नव्हत्या, म्हणून मदतनिधीने ते उसने दिले आणि भरपाईच्या वेगळ्या वहीत काकांच्या नावावर लिहिले.

सरकारी मदतीचं काय, हा प्रश्न साहजिक येतो. राज्य आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये होते आणि बारमाही पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये. गंजीसाठी वेगळा दर आम्हाला त्या यादीत सापडला नाही. काकांच्या मुलाने म्हशीचा अर्ज भरला, पण काकांनी सही केली नाही. "माझ्या हातानं गेली, तिचे पैसे मी घेत नाही." इथे मी काकांशी सहमत नाही. खरं कारण लिहून अर्ज करण्यात काही लबाडी नव्हती, आणि द्यायचं की नाही हे ठरवणं सरकारचं काम होतं. पण निर्णय काकांचा होता.

उरलेल्या पैशाचा पेच

एकूण १,८२,००० रुपये जमा झाले. चारा आणि वाहतुकीला १,२४,००० गेले, गोठ्याला ३१,०००. उरले २७,०००. त्यातून पानं उडवायचं यंत्र आणि पाण्याचे पाठीवरचे पंप घ्यावेत, म्हणजे पुढची आग वेळीच रोखता येईल, असं पोरांचं म्हणणं. सूचना चांगली होती. पण पैसे मागताना आम्ही "गवतगंज्या जळालेल्या शेतकऱ्यांना" असं लिहिलं होतं.

ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या वणव्यांच्या वेळी सेलेस्ट बार्बर या विनोदी कलावतीने न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन सेवेसाठी आवाहन केलं आणि पाच कोटी डॉलरहून जास्त जमले. नंतर त्यातला काही भाग घरं गमावलेल्यांना आणि प्राण्यांच्या मदतीला द्यावा असं अनेकांना वाटलं. मे २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितलं की तसं करता येणार नाही. पैसा ज्या निधीच्या नावाने मागितला, त्याच्या दस्तात जे हेतू लिहिले आहेत त्यांवरच तो खर्च होईल. आमच्या २७,००० साठी कुणी न्यायालयात जाणार नव्हतं. तरी धडा लागू होता. आम्ही सगळ्या देणगीदारांना नवा संदेश पाठवला. त्यात खर्चाचा हिशोब दिला, आग कशी लागली ते खरं लिहिलं आणि उरलेली रक्कम कशासाठी वापरू इच्छितो ते विचारलं. दोघांनी मिळून ३,००० परत मागितले, ते दिले. पुण्याच्या त्या देणगीदाराला मी फोन करून आधीचं उत्तर खोटं होतं हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पंप घ्या."

निष्पत्ती

काकांनी पहिल्या हंगामात १२,००० आणि दुसऱ्यात १४,००० भरले. उरलेले ५,००० सोडून द्यावेत असं मावशींनीच सुचवलं, पण काका ऐकत नाहीत. हे पैसे परत मदतनिधीत येतात आणि देणगीदारांना कळवून जाळरेषेच्या दोन दिवसांच्या जेवणावर खर्च होतात.

गावकी पुन्हा सुरू झाली. पहिल्या वर्षी निम्म्याहून थोडी जास्त घरं आली, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. ज्यांची पोरं बाहेर आहेत त्यांनी माणूस पाठवण्याऐवजी पैसे देऊ का असं विचारलं. आम्ही होकार दिला. तो बरोबर होता की नाही याबद्दल गावात अजून एकमत नाही. पेटवण्याआधी शेजाऱ्याला सांगायचं, सकाळी लवकर पेटवायचं, आणि राखेत हात घालून ती गार लागेपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम मात्र बहुतेक जण पाळतात. गंज्या आता दोन माळांवर विभागून घालतात. गेल्या फाल्गुनात वरच्या अंगाने आलेली एक आग जाळरेषेवर येऊन थांबली.

सगळं जुळलं असं नाही. ज्यांच्या काजूची झाडं होरपळली त्यांतलं एक घर अजून काकांशी बोलत नाही. झाडांची भरपाई आम्ही मोजलीच नव्हती. काजूचं झाड पुन्हा फळायला वर्षं लागतात, आणि त्या घराची तक्रार रास्त आहे.

वेगळं काय करता आलं असतं

एक गोष्ट मनातून जात नाही. गावात एक वैनी आहेत, जमीन नाही, दोन म्हशी होत्या. मजुरीच्या पैशातून त्या पिंजर विकत घेऊन दिराच्या गंजीत ठेवायच्या. आमची यादी गंजीच्या मालकांची होती, म्हणून त्यांचं नाव तिच्यात नव्हतं. आम्ही देवळात तट पाडून बसलो होतो तेव्हा त्यांनी एक म्हैस व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात दिली. आठव्या दिवशी चाऱ्याची गाडी त्यांच्या दारात थांबली तेव्हा दावणीला एकच म्हैस होती. "काल आली असती गाडी तर..." एवढं बोलून त्या पिंजर उतरवायला लागल्या.

चारा दुसऱ्याच दिवशी द्यायला हवा होता, कुणी आग लावली आणि कुणाची गंजी किती मोठी हे न विचारता. दोषाचा विचार पंधरा दिवस थांबू शकतो, जनावराचं पोट थांबत नाही. यादी करायची ती दारोदार फिरून, दावणी मोजून. मालकांची नावं विचारत बसलो की असं घर सुटतं. आणि झाडांचं नुकसान त्याच आठवड्यात, पालवी फुटण्याआधी, जाणत्या माणसाकडून मोजून घ्यायला हवं होतं.

पहिला संदेश पाठवणाऱ्या पोराला मी दोष देत नाही. योग्य मजकूर आधीच तयार असता तर त्याने तोच पाठवला असता. म्हणून आता मंडळाच्या वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवला आहे, फक्त तारीख आणि खाते क्रमांक भरायचा: "आमच्या गावात वणव्याने नुकसान झालं आहे. आग आमच्याच गावातल्या कुणाच्या हातून लागली असेल तर ते आम्ही लपवणार नाही, आणि त्याचं देणं तुमच्या पैशातून फेडणार नाही. आत्ता जनावरांना चारा हवा आहे. कपडे नकोत. पिंजर असेल तर आधी पिंजर द्या. पैसे उरले तर ते कशावर खर्च करायचे हे तुम्हाला विचारू. हिशोब देवळाच्या फळ्यावर लागेल."